चितळाच्या चरबीचा हिशेब: मूत्रपिंडापासून मांडीच्या नळीपर्यंत

मेलेलं चितळ समोर आलं की ते कशानं मेलं, एवढंच सहसा विचारलं जातं. गाडीखाली आलं, कठडा नसलेल्या विहिरीत पडलं, रानकुत्र्यांनी मारलं. पंचनाम्यात एक ओळ पडते आणि काम संपतं. पण मरण्याआधीचे महिने ते कसं जगलं, त्या जंगलात त्याला कसदार चारा मिळत होता का, हेही त्याच शवातून कळू शकतं. त्यासाठी शवविच्छेदनाच्या वेळी अर्धा तास जास्त लागतो. सोबत धारदार चाकू, हॅक्सॉ, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा आणि बर्फाची पेटी एवढं असलं की पुरतं. मोजायची असते ती अंगात साठलेली चरबी.

ही रीत बाहेरून आलेली आहे. न्यूयॉर्क राज्यात चीटम यांनी १९४९ साली अस्थिमज्जेच्या, म्हणजे हाडाच्या नळीतल्या मगजाच्या, रंगावरून आणि घट्टपणावरून हरणाची उपासमार ओळखण्याची पद्धत लिहिली. थेन रायनी यांनी न्यूझीलंडमधल्या तांबड्या हरणांवर काम करून १९५५ साली मूत्रपिंडाभोवतीच्या चरबीचा निर्देशांक मांडला. तिकडे परवान्यानं शिकार चालते, त्यामुळे एकेका हंगामात शेकडो हरणं तपासायला मिळतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तो मार्ग नाही, आणि नसावाच. मेलेलं वन्य जनावरसुद्धा सरकारी मालमत्ता असतं. वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय मांडीचं हाडच काय, एक दातही उचलता येत नाही. म्हणून विदर्भातल्या जंगलांत हे काम करताना आमच्या हाती येणारी जनावरं मोजकी असतात आणि प्रत्येकातून जेवढं निघेल तेवढं काढून घ्यावं लागतं.

चाकू लावण्याआधी चरबी कुठून आधी खर्च होते ते डोक्यात पक्कं हवं. चारा कमी पडला की पहिल्यांदा पाठीवरची आणि पुठ्ठ्यावरची (कुल्ल्यावरची) कातडीखालची चरबी जाते. मग पोटातली वपा (आतड्यांवरचा चरबीचा पडदा), मग मूत्रपिंडाभोवतीची आणि हृदयाभोवतीची. हाडाच्या नळीतली सर्वांत शेवटी. चांगले दिवस आले की भरण्याचा क्रम उलटा. या पायऱ्या काटेकोर नसतात, एक संपायच्या आत पुढची सुरू झालेली असते. पण यातून एक गोष्ट निघते आणि सगळी पद्धत तिच्यावर उभी आहे: प्रत्येक जागेची चरबी घसरणीच्या एका ठरावीक टप्प्यापुरतीच बोलते. एल्क आणि मूस या मोठ्या हरणांवर सोनोग्राफीनं झालेल्या कामात दिसलं की पुठ्ठ्यावरची चरबी शून्यावर आली तरी अंगात अजून साधारण ५ ते ६ टक्के चरबी उरलेली असते. तिथून पुढची घसरण पुठ्ठ्यावर दिसणारच नाही. मज्जेचं याच्या उलट. ती जवळजवळ शेवटपर्यंत भरलेली राहते आणि मग झपाट्यानं उतरते. चितळ तर मुळातच कमी चरबीचं हरीण. थंड मुलखातल्या हरणांसारखा पाठीवर जाड थर ते धरत नाही. त्यामुळे आपल्याकडे मुख्य भिस्त मूत्रपिंडावर आणि मज्जेवर.

शव उघडण्याआधी एक तपासणी चुकवायची नाही. अंग अवाजवी फुगलेलं, नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठलेलं काळपट रक्त, अंग नीट न ताठलेलं, अशी लक्षणं असतील तर शव उघडायचंच नाही. आधी कानाच्या शिरेतून रक्ताचा लेप घेऊन काळपुळीची, म्हणजे अँथ्रॅक्सची, शंका फेडायची. या जंतूचे बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षं तग धरतात. चरबीच्या चार आकड्यांसाठी तो धोका कोणीही घेऊ नये.

मग नोंदी: नर की मादी, दातांच्या झिजेवरून अंदाजे वय, नराची शिंगं सालीतली (अजून मऊ कातडीनं झाकलेली) की टणक, मादीच्या कासेत दूध आहे का, पोटात गर्भ आहे का, मृत्यूचं कारण, ठिकाण, तारीख आणि मृत्यू होऊन किती तास झाले. या नोंदींशिवाय पुढचे आकडे निरर्थक आहेत. का, ते पुढे येईलच.

शव डाव्या कुशीवर ठेवतात, म्हणजे जड कोठा (रवंथ करणाऱ्या जनावराचं मोठं पोट) खाली राहतो. पोट उघडलं की उजवं मूत्रपिंड शेवटच्या बरगडीजवळ कण्याला चिकटलेलं सापडतं. डावं मात्र जागेवर नसतं. कोठ्याच्या रेट्यानं ते उजवीकडे सरकून चरबीच्या पडद्यात लोंबत असतं. नवखा माणूस ते शोधताना आतडी ओढतो आणि चरबी फाटते. हात कण्याच्या बाजूनं सरकवला तर लगेच लागतं. गाईच्या मूत्रपिंडासारखं हे गाठीगाठींचं नसतं. गुळगुळीत, घेवड्याच्या आकाराचं असतं.

आता कापण्याची जागा. रायनी यांच्या पद्धतीत मूत्रपिंड चरबीसकट उचलायचं आणि त्याच्या दोन्ही टोकांना, लांबीच्या काटकोनात, सरळ काप द्यायचा. टोकांच्या पलीकडची चरबी सोडून द्यायची. भोवतीची सगळीच्या सगळी चरबी मोजणारेही बरेच आहेत. दोन्ही चालतात, एकत्र चालत नाहीत. सुदृढ जनावरात चरबीचं शेपूट मागे बरंच लांब जातं, तिथे दोन पद्धतींचे आकडे फार वेगळे येतात. कोणती वापरली ते तक्त्याच्या माथ्यावरच लिहावं. काप दिल्यावर मूत्रपिंडावरच्या पातळ पापुद्र्याला बारीक चीर द्यायची, मग पापुद्रा आणि चरबी एकत्र सोलून निघतात. अधिवृक्क ग्रंथी, मूत्रवाहिनी आणि मोठ्या रक्तवाहिन्या कापून बाजूला टाकायच्या. चरबी वेगळी तोलायची, उघडं मूत्रपिंड वेगळं.

हिशेब सोपा: चरबीचं वजन भागिले मूत्रपिंडाचं वजन, गुणिले १००. समजा मूत्रपिंड ९० ग्रॅम आणि चरबी २७ ग्रॅम, तर निर्देशांक ३०. दोन्ही बाजू मोजून सरासरी घ्यावी, कारण डावी-उजवी क्वचितच सारखी भरते. ग्रॅममधली मूळ वजनंही लिहून ठेवावीत. खुद्द मूत्रपिंडाचं वजन ऋतूनुसार बदलतं, हे न्यूझीलंडच्या तांबड्या हरणांत १९७० साली आणि कॅनडाच्या कॅरिबू या हरणांत १९७५ साली दाखवलं गेलं. भाजक हलला की चरबी तेवढीच असूनही निर्देशांक हलतो. नुसता निर्देशांक लिहिला तर हा दोष नंतर कोणालाच काढता येत नाही.

मे महिन्यात इथे वेगळाच त्रास. चरबी इतकी मऊ होते की हातमोज्याला, चाकूला, ताटलीला लागून कमी होत जाते. कृश जनावरात पाच-सहा ग्रॅम चरबी असते, त्यातला एक ग्रॅम हातमोज्यावर राहिला तर हिशेब बिघडलाच. चरबीसकट मूत्रपिंड पिशवीत घालून वीस मिनिटं बर्फात ठेवलं की सोलणं स्वच्छ होतं. वजनकाट्यावर खोकं पालथं घालावं. उन्हाळी वाऱ्यात शेवटचा अंक स्थिर राहत नाही. शव एक दिवस उन्हात पडलेलं असेल तर मूत्रपिंड लिबलिबीत झालेलं असतं. तेव्हा हा भाग सोडून द्यावा आणि सरळ हाडाकडे जावं. गाडीच्या धडकेत एका बाजूचं मूत्रपिंड फुटून चरबीत रक्त उतरलं असेल तर फक्त दुसरी बाजू घ्यावी आणि तसं नोंदवावं.

छाती उघडली की हृदय हातात घेऊन दोन मिनिटं नीट पाहावं. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधल्या खाचेत रक्तवाहिन्यांच्या भोवती चरबी असते. बऱ्या जनावरात ती पांढरट, अपारदर्शक आणि घट्ट असते. उपासमार खोलवर गेली असेल तर तिथे ओलसर, काचेसारखं पारदर्शक, पिवळट जेलीसारखं काहीतरी दिसतं. चीर दिली की पाणी पाझरतं. पेशींतली चरबी निघून जाऊन तिथे पाणी धरलेलं असतं. हे एकदा पाहिलं की पुन्हा ओळखायला चुकत नाही, आणि आकड्यांवर शंका असेल तेव्हा हीच खूण निकाल देते. किस्टनर आणि सहकाऱ्यांनी १९८० साली म्यूल डिअरसाठी केलेल्या पद्धतीत हृदय, वपा, मूत्रपिंड, पुठ्ठा अशा सहा जागांची चरबी आणि स्नायूंचा भरीवपणा यांना डोळ्यांनी गुण देऊन शंभरपैकी बेरीज करतात. काटा नसेल तेव्हा ती कामाला येते. मात्र गुण देणारा माणूस शक्यतो एकच हवा.

आता मांडीचं हाड. जंगलात सापडणाऱ्या शवांत बहुतेक वेळा हेच उरलेलं असतं. रानकुत्री पोट आधी फाडतात, मूत्रपिंड क्वचितच हाती लागतं. वाघ सहसा पुठ्ठ्याकडून खायला सुरुवात करतो, पण सांबराच्या मांडीचं हाड पुष्कळदा शाबूत सोडतो. तरस पोचलं की मात्र हाडही फुटतं. खुब्याचा आणि गुडघ्याचा सांधा उघडून हाड अखंड काढायचं, मांस खरवडायचं, पण जागेवर फोडायचं नाही. दोन पिशव्यांत घट्ट बांधून, पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी आत आणि एक बाहेर, लगेच बर्फात आणि मग फ्रीजरमध्ये. शाई ओलाव्यानं पसरते, पेन्सिल टिकते.

हवा का लागू द्यायची नाही? मज्जेची पद्धत पाण्याच्या प्रमाणावर चालते. मज्जेतली चरबी जाते तशी तिची जागा पाणी घेतं, म्हणून मज्जा वाळवून किती उरतं ते पाहतात. हाड तडकलेलं असेल किंवा आठवडाभर उन्हात पडलेलं असेल तर पाणी आधीच उडून गेलेलं असतं. मग वाळवल्यावर वजन फारसं घटत नाही आणि उपाशी मेलेलं जनावर कागदावर गुटगुटीत दिसतं. या पद्धतीतली सर्वांत मोठी चूक हीच, आणि ती नेहमी एकाच दिशेनं होते. म्हणून तडकलेल्या हाडाचा आकडा आम्ही धरत नाही.

हाड गोठलेलं असतानाच कापावं. मधोमध सहा-सात सेंटिमीटर अंतरावर हॅक्सॉचे दोन काप. टोकांकडचा भाग नको, तिथे जाळीदार हाड आणि तांबडी मज्जा मिसळलेली असते. करवत घाईनं चालवली तर घर्षणानं कापाजवळची चरबी वितळते. मधला तुकडा छिन्नीनं उभा फोडला की गोठलेली मज्जा कांडीसारखी अखंड निघते. हाडाचा भुसा ब्रशनं झाडून घ्यायचा, नाहीतर तो कोरड्या वजनात धरला जातो.

भरलेली मज्जा मटणाच्या नळीतून निघते तशीच असते, पांढरी किंवा फिकट पिवळसर आणि घट्ट. मधल्या अवस्थेत ती गुलाबी, मऊ होते. अखेरच्या अवस्थेत लाल, पारदर्शक, थरथरणारी जेली. रंगावरून दोन्ही टोकं बिनचूक ओळखता येतात, मधल्या पट्ट्यात डोळा फसतो. शिवाय आपल्या उन्हाळ्यात ताजी, भरलेली मज्जाही पातळ तेल होऊन वाहते आणि पाहणारा तिला उपासमारीची मज्जा समजतो. थोडी मज्जा बाटलीत घालून बर्फात ठेवावी: चरबी असेल तर पांढरी होऊन गोठते, जेली असेल तर गार होऊनही पारदर्शकच राहते.

वाळवण्यासाठी काचेची बशी रिकामी तोलून घ्यावी. त्यात ३ ते ५ ग्रॅम मज्जा बारीक कापून पसरावी, लगेच तोलावी आणि ६० ते ६५ अंश सेल्सियसवर ओव्हनमध्ये ठेवावी. कागदावर ठेवू नये, तेल कागदात मुरतं. तापमान वाढवून वेळ वाचवू नये, पाणी उकळून तेलाचे शिंतोडे उडतात. २४ तासांनी तोलावं, परत ठेवावं. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की झालं. बहुधा ४८ तास लागतात, लाल पाणचट मज्जेला जास्त. कोरडं वजन भागिले ओलं वजन, गुणिले १००. नीलँड यांनी १९७० साली कॅरिबूच्या मांडीच्या हाडांवर दाखवलं की यातून साधारण ७ वजा केले की चरबीची टक्केवारी मिळते, कारण तेवढा भाग चरबी नसलेला घन पदार्थ असतो. ४.० ग्रॅमचे ३.६ ग्रॅम उरले तर ९० वजा ७, म्हणजे ८३ टक्के. ४.० चे ०.८ उरले तर १३ टक्के. ते जनावर शेवटच्या टप्प्यात होतं.

आकडे वाचताना सर्वांत जास्त गफलत होते. ‘मज्जेत ८३ टक्के चरबी, म्हणजे प्रकृती उत्तम’ असं अहवालात लिहिलेलं दिसतं आणि ते चुकीचं आहे. त्याचा अर्थ इतकाच की हाडातल्या साठ्याला हात घालण्याची वेळ आलेली नव्हती. पाठ, वपा, मूत्रपिंड सगळं रिकामं असूनही मज्जा भरलेली असू शकते. मेक आणि डेलज्यूडिस यांनी १९८५ साली या मर्यादेवर स्वतंत्र टिपण लिहिलं, कारण तोवर लांडग्यांनी मारलेल्या हरणांची मज्जा पाहून ‘सुदृढ जनावरं मारली’ असे निष्कर्ष काढले जात होते. आपल्याकडे रानकुत्र्यांबद्दल तोच प्रश्न येतो आणि तीच खबरदारी लागते. उलट, मज्जा ५० टक्क्यांवर आली असेल तर तो मध्यम आकडा समजू नये. बाकीचे साठे जवळपास संपलेले असतात. २० टक्क्यांच्या खाली आलेली मज्जा उपासमारच सांगते.

मूत्रपिंड आणि मज्जा एकत्र वाचायची. रॅन्सम यांनी १९६५ साली पांढऱ्या शेपटीच्या हरणांत दाखवलं की मूत्रपिंडाचा निर्देशांक ३० च्या आसपास येईपर्यंत मज्जा फारशी हलत नाही. त्याखाली मूत्रपिंडाचा आकडा मुका होतो आणि मज्जा बोलू लागते. पुढे दोन्ही जोडून एक आकडा करण्याची रीत आली: निर्देशांक २० च्या वर असेल तर त्यातून २० वजा करून मज्जेची टक्केवारी मिळवायची, खाली असेल तर फक्त मज्जा धरायची. या सीमारेषा परदेशी हरणांवरून आलेल्या आहेत. चितळ-सांबरासाठी त्या दिशा म्हणून वापराव्यात, कसोटी म्हणून नको.

पाडसांना यातलं काही लावू नये. त्यांच्या हाडात रक्त तयार करणारी तांबडी मज्जा असते, ती निरोगी असूनही लाल दिसते आणि तिच्यात चरबी कमीच भरते. पायाची खालची हाडंही मांडीच्या हाडाच्या जागी चालत नाहीत. तिथली चरबी मुळातच मऊ, तेलकट असते आणि सर्वांत उशिरा उतरते. मांडीचं हाड नसेल तर पुढच्या पायाचं वरचं हाड किंवा खालचा जबडा घ्यावा, पण वेगळ्या रकान्यात.

सुरुवातीच्या नोंदी आता लागतात. मध्य भारतात टणक शिंगांचे चितळ नर उन्हाळ्यात सर्वांत जास्त दिसतात, तो त्यांच्या माजाचा काळ. खाणं सोडून माद्यांमागे फिरणारा नर मे महिन्यात रोड असणारच. त्याच्यावरून जंगलात चारा नाही असं म्हणता येत नाही. दूध पाजणारी मादी पावसाळ्यानंतरही रोड असू शकते, जेव्हा पाडस नसलेल्या माद्या भरलेल्या असतात. तुलना करायची ती तेच लिंग, तोच वयोगट, तोच महिना धरून, वर्षावर्षांमध्ये.

शव कसं मिळालं यावरही बरंच ठरतं. आजारानं किंवा भुकेनं मेलेली जनावरं अर्थातच कृश असतात. कळपाची खरी सरासरी रस्त्यावर आणि विहिरीत मेलेल्यांवरून जास्त जवळची मिळते, कारण गाडी धष्टपुष्ट-दुबळं पाहत नाही. नागपूर–शिवनी महामार्गासारखा रस्ता पेंचच्या जंगलातून जातो, तिथे मेलेलं प्रत्येक चितळ या दृष्टीनं मोलाचं असतं, आणि बहुतेक वेळा ते न मोजताच पुरलं जातं.

कोठा भरलेला पाहून फसू नये. उन्हाळ्याच्या अखेरीस सुका पाला आणि काड्यांनी गच्च भरलेल्या कोठ्याचं चितळ उपासमारीनं मेलेलं असू शकतं. त्या चाऱ्यात प्रथिनं इतकी कमी असतात की कोठ्यातले जंतू तो पचवू शकत नाहीत. पोट भरलेलं आणि हाड रिकामं. गावाजवळच्या जनावरांत प्लास्टिकही तपासावं.

हाडांवरून किती दूरचं कळू शकतं याचं टोकाचं उदाहरण अलास्काजवळच्या सेंट मॅथ्यू बेटाचं. १९४४ साली तिथे २९ रेनडिअर सोडले, १९६३ पर्यंत ते सुमारे ६,००० झाले आणि १९६६ साली ४२ उरले. हे ४२ मोजणारे डेव्हिड क्लाइन तिथे पोचले तेव्हा बाकी सगळीकडे सांगाडेच होते. त्यांनी हाडं उघडून पाहिली तर मज्जेत चरबी नव्हती. हिवाळ्यातल्या दगडफुलाचा साठा कळपानं आधीच संपवलेला होता.

जिवंत जनावरांसाठी रायनी यांनीच १९६० साली डोळ्यांनी पाहण्याची पद्धत दिली. दुर्बिणीतून मागून आणि बाजूनं पुठ्ठ्याचा गोलावा, खुब्याची हाडं, कणा आणि बरगड्या पाहून चांगली, मध्यम, वाईट अशा तीन गटांत जनावर टाकायचं. पाणवठ्यावर, सकाळच्या तिरप्या उजेडात हे जमतं. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात बरगड्यांच्या सावल्याच पडत नाहीत आणि सगळीच चितळं गोल दिसतात. हिवाळ्यात केस उभारलेले असले तरी तेच होतं. पाणी पिऊन आलेल्या जनावराचं पोट पाहून गट ठरवू नये, शेपटीच्या बुडाशी आणि खुब्यापाशीच नजर ठेवावी. शवांवरून मिळालेले आकडे त्याच महिन्यातल्या या पाहणीच्या शेजारी ठेवले की दोन्हींचा अर्थ लागतो.

अहवालातली ओळ अशी असावी: ‘प्रौढ मादी, दुभती, मे, रस्ता-अपघात, मृत्यूनंतर अंदाजे ६ तास, मूत्रपिंड डावं व उजवं, चरबी डावी व उजवी, ग्रॅममध्ये, रायनी काप, मज्जा ओली व कोरडी, उजव्या मांडीचं हाड, अखंड, हृदयाच्या खाचेतली चरबी घट्ट किंवा जेली.’ डाव्या मांडीचं हाड न कापता गोठवून ठेवावं. आकडा कोणाला पटला नाही तर तेच पुन्हा वाळवून पाहता येतं, आणि परवानगीपत्राची मुदत संपली की पंचनाम्यासह वनविभागाकडे परत करता येतं.